एनएचएलची सॅलरी कॅप: पहिल्यांदाच संघ बांधणाऱ्यांसाठी

मिसिसॉगाच्या ऑफिसात रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं विचारलं, "आमच्या हॉकी लीगमध्ये एक संघ रिकामा आहे, घेतोस का?" आयपीएलच्या फॅन्टसीसारखं काहीतरी असेल, नावं निवडायची आणि शनिवारी गुण बघायचे, असं समजून मी हो म्हणालो. संध्याकाळी मेलवर एक्सेलची फाईल आली. तेवीस खेळाडू, प्रत्येकाचा उरलेला करार, आणि अगदी तळाला लाल अक्षरांत: उणे ६२ लाख. संघ कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, वर गेलेला होता आणि म्हणूनच कुणाला नको होता, हे कळायला मला दोन महिने लागले.

आमच्या लीगमध्ये बत्तीस जण आहेत. नऊ ऑफिसातले, बाकी त्यांचे मेहुणे, मित्र, जुने शेजारी. खेळाडू खरे, करार खरे, कॅपचे नियम एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य हॉकी लीगचे, जसेच्या तसे. करार संपला की पुढचा मात्र आम्ही आपसांत बोली लावून ठरवतो. पहिल्या दोन हंगामांत मी अठ्ठाविसावा आणि एकतिसावा आलो. हॉकी कळत नव्हती म्हणून नाही. हॉकी वर्षभरात कळते, कॅप कळायला तीन वर्षं जातात. तुमची निदान दोन वाचावीत म्हणून हे लिहितोय. (हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. कॅनडात 'आइस' लावून बोललात की समोरचा ओळखतो, हा नवा आहे.)

आधी हे हाताशी ठेवा

- लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सामूहिक करार, म्हणजे सीबीए. सगळा वाचू नका. कॅप, बायआउट (पैसे देऊन करार मोडणं), वेव्हर (खेळाडू इतर संघांना उचलायला खुला ठेवणं) आणि एंट्री लेव्हल (नवख्याचा पहिला) करारांची प्रकरणं तेवढी वाचा.
- पकपीडिया ही साइट. प्रत्येक खेळाडूचा करार, त्यातल्या अटी (क्लॉज) आणि संघाची शिल्लक तिथे मिळते. जुन्या लेखांत कॅपफ्रेंडलीचं नाव दिसेल, ती शोधत बसू नका. वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघानं ती विकत घेतली आणि जुलै २०२४ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली.
- स्वतःची एक्सेल शीट. निदान चार वर्षांचे रकाने हवेत. एकाच वर्षाची शीट केलीत तर ती तुम्हाला फसवेल.
- एक कॅलेंडर. त्याचं कारण सहाव्या पायरीत येईल.

साइटवर आकडे मिलियनमध्ये असतात. माझं डोकं लाखातच चालतं, म्हणून माझी शीटही लाखात आहे. एक मिलियन म्हणजे दहा लाख. इथले सगळे आकडे अमेरिकन डॉलरमधले आहेत. कॅनडातले संघसुद्धा खेळाडूंना पगार अमेरिकन डॉलरमध्येच देतात.

१. छत कुठे आहे आणि जमीन कुठे, ते बघा

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाहून गेला. एकही सामना झाला नाही, स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, कुणालाच मिळाला नाही. त्या भांडणातून जे निघालं ते म्हणजे ही कॅप. २००५-०६ मध्ये ती होती ३ कोटी ९० लाख. २०२५-२६ मध्ये आहे ९ कोटी ५५ लाख. खाली जमीनही आहे, ७ कोटी ६ लाख. त्याहून कमी खर्च करून मालकानं नफा खिशात घालायचा नाही.

आयपीएलच्या पर्सशी याची तुलना पहिल्या दिवशी सगळेच करतात, मीही केली. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते आणि तीन वर्षांनी पाटी बरीचशी कोरी होते. इथे पाटी कोरी होत नाही. आज केलेला करार पुढची सात-आठ वर्षं तुमच्या शीटमध्ये मुक्काम ठोकतो. शिवाय ही कॅप कडक आहे. बास्केटबॉलसारखा दंड भरून वर जाता येत नाही. उन्हाळ्यात १० टक्के वर गेलात तर चालतं, पण हंगामाच्या पहिल्या दिवशी आत यावंच लागतं.

लक्षात ठेवायचे बाकीचे आकडे: रोस्टरवर, म्हणजे मुख्य संघात, जास्तीत जास्त २३ खेळाडू, सामन्याला कपडे चढवतात ते २० (१८ स्केटर, २ गोलरक्षक), संस्थेत एकूण करार ५०. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. २०२५-२६ मध्ये किमान पगार ७ लाख ७५ हजार.

२. पगार बघू नका, कॅप हिट बघा

खेळाडूला यंदा हातात किती मिळणार आणि तुमच्या कॅपमधून किती जाणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, हा कॅप हिट. पहिल्या वर्षी दीड कोटी आणि शेवटच्या वर्षी पन्नास लाख असा करार असला तरी कॅपमध्ये दरवर्षी सरासरीच मोजली जाते.

या सरासरीचा फायदा उठवायला संघ एके काळी करार च्युइंगमसारखे ताणायचे. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सनं इल्या कोवालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार दिला. शेवटची वर्षं नावापुरत्या पगाराची, फक्त सरासरी खाली आणायला. लीगनं तो करार रद्द केला आणि संघाला दंडही ठोठावला. २०१३ पासून मुदतीवर बंधन आलं: स्वतःच्या खेळाडूला ८ वर्षं, बाहेरच्याला ७. सप्टेंबर २०२६ मध्ये लागू होणाऱ्या नव्या सीबीएत हेच ७ आणि ६ होतं.

जुन्या ताणलेल्या करारांचं भूत मात्र मागे लागतं. रॉबर्टो लुआंगो २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा व्हँकुव्हरनं त्याला ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन, पाच वर्षं उलटली होती. तरी पुढची तीन वर्षं दरसाल सुमारे ३० लाख व्हँकुव्हरच्याच कॅपमधून गेले. तुमच्या लीगमध्ये कुणी जुना लांब करार फुकटात देऊ करत असेल, तर आधी हे आठवा.

३. एकाही खेळाडूला फोन करण्याआधी सगळे पैसे कागदावर वाटा

नवे लोक इथेच चुकतात. आधी आवडते खेळाडू घेतात आणि मग उरलेल्या पैशांत उरलेली माणसं शोधतात. वाणसामान आणायला जाऊन पहिल्याच दुकानात हापूसची पेटी घ्यायची, आणि मग तेल-डाळीला किती उरले ते मोजायचं, तसं.

माझ्या शीटचा नमुना देतो. एकूण ९५५ लाख.

दोन तारे फॉरवर्ड, १२५ आणि ११०. पहिल्या जोडीतला बचावपटू ९५. गोलरक्षक ६५. चार माणसांत ३९५ गेले. उरले ५६० लाख आणि जागा एकोणीस.

पहिल्या दोन लाईनमधले (एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड म्हणजे एक लाईन) बाकीचे चार फॉरवर्ड सरासरी ५५ नं, २२० गेले. मधले तीन बचावपटू ४५ नं, १३५ गेले. एंट्री लेव्हल करारावरची दोन पोरं साडेनऊ-साडेनऊ लाखांची, १९ गेले. आता उरले १८६ लाख आणि जागा दहा. त्यातले २० लाख हात न लावता बाजूला ठेवा. दहा जणांना १६६ लाख, म्हणजे सरासरी साडेसोळा लाखांच्या आसपास.

इथवर सगळं छान दिसतं. आता त्या दहांतल्या तिघांना, "तिसऱ्या लाईनवर जरा भरवशाची माणसं हवीत" म्हणून, ३५ लाखांचे करार देऊन बघा. १०५ लाख गेले. सात जणांसाठी ६१ लाख राहिले, डोक्यामागे पावणेनऊ. म्हणजे दुसरा गोलरक्षक धरून सातही जण जवळजवळ किमान पगारावरचे. त्यातला एक जखमी झाला की त्याच्या जागी आणायला पैसे नाहीत.

पहिल्या वर्षी माझी शीट नेमकी अशीच होती. बिचाऱ्या ताऱ्यांना उगाच शिव्या घालत होतो.

४. मधल्या फळीला लांब करार देऊ नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा. सव्वा कोटीचा तारा संघ बुडवत नाही. संघ बुडतो तो तिशीतल्या, ४० लाखांच्या, पाच वर्षांच्या करारांनी. ताऱ्याला गिऱ्हाईक कधीही मिळतं. तेहेतिसाव्या वर्षी बारा गोल करणाऱ्या विंगरला कुणी फुकट नेत नाही. वर पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या मुलांच्या वार्षिक निवडीतली, एक निवड मागतात.

माझ्या वाट्याला तो आला दुसऱ्या उन्हाळ्यात. नाव सांगत नाही, त्याची काही चूक नव्हती. वय तीस, नुकतेच ३१ गोल केलेले. मी ४८ लाखांचा, पाच वर्षांचा करार दिला आणि बायकोला अभिमानानं शीट दाखवली. तिनं एकच विचारलं, "याआधीच्या वर्षी किती केले होते?" अठरा. त्याआधी सतरा. मी पैसे मोजले ते लागलेल्या मटक्याचे. पुढच्या हंगामात त्यानं चौदा केले आणि करार अजून चार वर्षं उरला होता.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. एका हंगामावर कधीच भाव ठरवायचा नाही, तीन हंगामांची सरासरी घ्यायची. किती टक्के फटके जाळ्यात गेले तेही बघायचं. एरवी दहा टक्क्यांवर असलेला खेळाडू अचानक अठरावर गेला असेल तर तो परत दहावर येणार. आणि तिशीपुढे, पहिल्या लाईनचा नसेल तर, दोनच वर्षं. "मग मी दुसरीकडे जातो" म्हणाला तर जाऊ द्यायचं. तिसऱ्या लाईनचा माणूस दर सप्टेंबरात स्वस्तात मिळतो.

ताऱ्यांचं गणित वेगळं. तिथे भावापेक्षा वेळ महत्त्वाची. नेथन मॅकिनननं २०१६ मध्ये ६३ लाखांवर सात वर्षांचा करार केला. पुढे तो लीगमधल्या सर्वोत्तम दोन-तिघांत गेला, पण पगार तोच. कॉलोराडोनं २०२२ चा कप त्या करारावर जिंकला असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर त्याचा आकडा १ कोटी २६ लाख झाला. खेळाडू फुलायच्या आधी लांब बांधायचा असतो, फुलल्यावर बांधला की बाजारभाव द्यावाच लागतो.

इथे टोरांटोच्या आसपास राहणारा प्रत्येकजण एक हिशेब पाठ म्हणून दाखवतो, मीही दाखवतो. २०१९-२० मध्ये टोरांटोच्या संघातल्या मॅथ्यूज, टवारेस, मार्नर आणि नायलँडर या चौघांचे मिळून सुमारे ४ कोटी ५ लाख होत होते. कॅप ८ कोटी १५ लाख. अर्धा संघ चार माणसांत. "कॅप दरवर्षी वाढते, दोन वर्षांत हे सैल होईल" हा हिशेब त्या वेळी वेडेपणाचा नव्हता. पण कोविड आला, कॅप सलग तीन हंगाम त्याच आकड्यावर थिजली, आणि तळाच्या खेळाडूंसाठी दरवर्षी चिल्लर गोळा करायची वेळ आली. लीगनं २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख असे आकडे आधीच सांगून ठेवलेत. ते शीटमध्ये जरूर भरा. त्यापुढची वर्षं मात्र मी वाढ शून्य धरूनच मांडतो.

५. पोरांना जपा

स्वस्त आणि चांगलं हे दोन्ही एकत्र फक्त एंट्री लेव्हल करारावरच मिळतं. १८ ते २१ वर्षांच्या मुलाचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या पगाराला कमाल मर्यादा असते. कॉनर बेदार्ड २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकाला निवडला गेला, तरी त्याचा मूळ आकडा साडेनऊ लाखच. त्यावर कामगिरीचे बोनस जास्तीत जास्त ३५ लाख.

या बोनसपाशी एक खड्डा आहे. पोरानं ते कमावले आणि तुमच्याकडे कॅपमध्ये जागा नसली, तर ती रक्कम पुढच्या वर्षीच्या कॅपमधून कापली जाते. शिकागोनं २०१० मध्ये कप जिंकला तेव्हा अशी चाळीस लाखांहून जास्त रक्कम पुढच्या वर्षावर ढकलली गेली. त्या उन्हाळ्यात बफलिन, लॅड, व्हर्स्टीग असे एकेक जण ट्रेड करावे लागले आणि कप जिंकून देणारा गोलरक्षक निएमी, लवादानं त्याचा पगार २७ लाख ५० हजार ठरवल्यावर, सोडून द्यावा लागला. मिरवणुकीचा गुलाल धुवायच्या आधीच संघ फुटला म्हणा ना.

दुसरी गोष्ट मात्र फायद्याची. १८-१९ वर्षांचा मुलगा एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी सामने खेळला तर कराराचं ते वर्ष मोजलं जात नाही, तीन वर्षं पुढे सरकतात. म्हणून नवव्या सामन्यानंतर थांबून विचार करा. मुलगा चौथ्या लाईनवर आठ मिनिटं खेळत असेल तर परत पाठवा.

पहिला करार संपला की तो मोकळा होत नाही. २७ वर्षांचा होईपर्यंत किंवा सात हंगाम पूर्ण होईपर्यंत तो मर्यादित फ्री एजंट असतो. जूनअखेर त्याला क्वालिफाइंग ऑफर (नव्या कराराचा किमान प्रस्ताव) द्यायची, ती दिली की त्याच्यावरचा हक्क तुमचा. तारीख चुकली की खेळाडू हातचा जातो. आमच्या लीगमध्ये एकाचा असाच गेला. तो तेव्हा रत्नागिरीला लग्नाला गेला होता. (हो, लीगमध्ये आता आम्ही दोघं मराठी आहोत.)

दुसरा संघ अशा खेळाडूला ऑफर शीट देऊ शकतो. आयपीएल लिलावातल्या आरटीएम कार्डाची आठवण होईल: तेवढेच पैसे तुम्ही सात दिवसांत द्यायचे, नाहीतर खेळाडू सोडून बदल्यात ड्राफ्टच्या निवडी घ्यायच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईसनं एडमंटनच्या दोघांना एकदमच शीटा दिल्या, ब्रोबर्गला ४५ लाख ८० हजारांची आणि हॉलोवेला २२ लाख ९० हजारांची. एडमंटननं जुलैत अनुभवी फ्री एजंटांवर पैसे आधीच लावले होते. दोघेही गेले. बदल्यात एक दुसऱ्या फेरीची निवड आणि एक तिसऱ्या. हॉलोवेनं पुढच्याच हंगामात ६३ गुण केले. धडा सोपा आहे: उन्हाळ्यात आधी घरच्या पोरांचे करार, मग बाजार.

६. वर्षाचा नाही, दिवसाचा हिशेब ठेवा

कॅप रोज मोजली जाते. हंगाम साधारण १९० दिवसांचा धरा. ३८ लाखांचा खेळाडू म्हणजे दिवसाला २० हजार. तो रोस्टरवर जितके दिवस, तितकेच पैसे.

मजा उलट्या बाजूनं आहे. तुम्ही पहिल्या दिवसापासून १० लाख मोकळे ठेवलेत, तर न वापरलेली जागा साठत जाते. ४० दिवस उरले असताना त्या दहा लाखांत सुमारे ४७ लाख कॅप हिटचा खेळाडू बसतो, कारण त्याचे चाळीसच दिवस मोजायचे आहेत. तिसऱ्या पायरीत २० लाख बाजूला ठेवायला सांगितले ते याच्यासाठी. ऑक्टोबरात ते चौथ्या लाईनवर उडवू नका.

कॅलेंडर लागतं ते इथे. बाराव्या-तेराव्या फॉरवर्डला वेव्हरमधून सूट असेल तर पूर्वी दोन सामन्यांच्या मधल्या सुट्टीत त्याला कागदोपत्री एएचएलमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवायचे आणि सामन्याच्या दिवशी परत आणायचे; २०२५-२६ पासून परत आणण्याआधी त्यानं तिथे निदान एक सामना खेळावा लागतो. खाली घालवलेल्या प्रत्येक दिवसाचे चार पैसे वाचतात. पण सूट नसलेल्याला खाली पाठवायचं तर वेव्हरवर ठेवावं लागतं आणि चोवीस तासांत कुणीही त्याला फुकट उचलू शकतो. ही सूट कधी संपते ते वय आणि सामन्यांवर ठरतं. शीटमध्ये त्याचा वेगळा रकाना ठेवा. मी ठेवला नव्हता. एक गुणी सेंटर एका मंगळवारी गेला तो गेलाच.

आणि अगदी टोकाला कसं अडकतात? ११ ऑक्टोबर २०१० ला त्याच न्यू जर्सी डेव्हिल्सना पिट्सबर्गविरुद्ध १८ ऐवजी १५ स्केटर घेऊन उतरावं लागलं. माणसं जखमी किंवा निलंबित, आणि बदली आणायला कॅपमध्ये जागा नाही.

७. अडकलातच, तर बाहेरच्या वाटा

सगळ्या वाटा महाग आहेत. कमी महाग ते जास्त महाग असा क्रम लावतो.

*खाली पाठवणं.* वाटतं की एएचएलमध्ये पाठवला की आकडा गेला. तसं नाही. २०२५-२६ मध्ये फक्त ११ लाख ५० हजार सुटतात. ३५ लाखांचा खेळाडू खाली पाठवलात तरी २३ लाख ५० हजार तुमच्या डोक्यावर राहतात आणि तो बसनं फिरत असतो.

*पगार राखून ट्रेड.* खेळाडू द्यायचा आणि त्याचा निम्म्यापर्यंत आकडा स्वतःकडे ठेवायचा. एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. करारात एक वर्ष उरलं असेल तर माझ्या मते हा सर्वांत स्वच्छ मार्ग, चार वर्षं उरली असतील तर अजिबात नाही. पूर्वी तिसरा संघ मध्ये घालून त्याच दिवशी पुन्हा निम्मा करायचे, आता दुसऱ्यांदा राखायला हंगामाचे ७५ दिवस थांबावं लागतं.

*दुखापतीची यादी.* खेळाडू किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल तर त्याला एलटीआयआरवर, म्हणजे लांबल्या दुखापतीच्या यादीवर, टाकून कॅपच्या वर जाता येतं. टँपा बेनं २०२०-२१ मध्ये निकिता कुचेरोव्हचे ९५ लाख असे बाजूला ठेवले. नितंबाच्या शस्त्रक्रियेमुळे तो अख्खा नियमित हंगाम खेळला नाही. प्लेऑफला कॅप नव्हती. तो पहिल्याच सामन्याला उतरला, प्लेऑफमध्ये सर्वांत जास्त गुण केले आणि संघानं कप उचलला. नंतर १ कोटी ८० लाख कॅपच्या वर असल्याची जाहिरात करणारा टी-शर्टही त्यानं मिरवला. ही पळवाट आता बंद झाली. २०२५-२६ पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्याला उतरणारे २० जण कॅपच्या आत बसावे लागतात, आणि त्याच हंगामात परतू शकणाऱ्या खेळाडूची पूर्ण रक्कमही सुटत नाही. जुने सल्ले वाचून यावर संघ उभा करू नका. शिवाय या यादीच्या आधारानं वर गेलात की मागच्या पायरीतली बचत साठणं थांबतं.

*बायआउट.* शेवटचा मार्ग. उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश (खेळाडू २६ पेक्षा लहान असेल तर एक तृतीयांश), उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत. दोन वर्षं ६० लाखांची उरली असतील तर १२० चे दोन तृतीयांश ८०, ते चार वर्षांत २०-२० लाख. कागदावर बरं दिसतं. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, एरवी करार संपून गेला असता तेव्हा, तुम्ही रिकाम्या खुर्चीचं भाडं भरत असता. आणि साइनिंग बोनस बायआउटनं कमी होत नाहीत, हे पकपीडियाच्या कॅल्क्युलेटरवर आधी बघून घ्या.

मिनेसोटा वाइल्डची गोष्ट अभ्यासाला घ्या. ४ जुलै २०१२ ला त्यांनी झॅक पॅरिसी आणि रायन सूटर या दोघांना हुबेहूब सारखे करार दिले: १३ वर्षं, ९ कोटी ८० लाख, कॅप हिट ७५ लाखांच्या वर. २०२१ मध्ये दोघांचाही बायआउट केला. पहिल्या वर्षी फक्त ४७ लाख लागले. पण २०२२-२३ मध्ये १ कोटी २७ लाख आणि त्यापुढची दोन वर्षं १ कोटी ४७ लाख, म्हणजे कॅपचा सुमारे सहावा हिस्सा, संघात नसलेल्या माणसांवर. २०२८-२९ पर्यंत अजूनही दरवर्षी साडेसोळा लाख जातातच. तो डोंगर २०२५ मध्ये उतरला आणि त्याच वर्षी त्यांना किरिल काप्रिझोव्हला वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार देता आला.

८. क्लॉज वाचल्याशिवाय ट्रेड करू नका

नो-ट्रेड असेल तर खेळाडू ट्रेड नाकारू शकतो, पण वेव्हरवर ठेवता येतो. नो-मूव्ह असेल तर वेव्हरही नाही, खालीही पाठवता येत नाही. काहींची यादी असते, "या दहा संघांत जाणार नाही" अशी. वाटाघाटीत पैसे कमी पडले की क्लॉज देऊन टाकायचा मोह होतो, कारण तो शीटमध्ये शून्य दिसतो. द्यायचाच तर पहिल्या दोन वर्षांपुरता पूर्ण द्या आणि नंतर यादीवर आणा.

३५ व्या वर्षानंतरच्या बहुवर्षीय करारांना वेगळे नियम आहेत. सुरुवातीच्या वर्षांत जास्त पैसे ठेवलेला करार असेल तर खेळाडू निवृत्त झाला तरी आकडा तुमच्या नावावर राहतो. त्या वयात एकेका वर्षाचाच करार करा.

९. १ जुलैची तयारी

फ्री एजंटांचा बाजार १ जुलैला दुपारी १२ ला उघडतो, कॅनडा डेच्या दिवशी. बाकी सगळे तळ्याकाठी मांस भाजत असतात आणि आम्ही बत्तीस जण फोनवर. आदल्या रात्री एवढं करा: घरच्या मर्यादित एजंटांचे आकडे शीटमध्ये, तेही तुम्हाला वाटतात त्यापेक्षा १५ टक्के जास्त धरून. हव्या असलेल्या तीनच खेळाडूंची नावं आणि प्रत्येकासमोर कमाल आकडा, पेनानं. शीटमधला आकडा बोटानं बदलतो, कागदावरचा खोडायला लाज वाटते.

पहिल्या तासात काही करू नका. सगळ्यांत जास्त पैसे त्याच तासात जातात. २०२५ मध्ये टोरांटोनं टवारेसला १ कोटी १० लाखांवरून ४३ लाख ८० हजारांवर परत आणलं ते बाजार उघडण्याआधीच, घरात बसून बोलून.

माझा कागद यंदाही फ्रिजवर लावलाय. तिसऱ्या नावासमोरचा आकडा बायकोनं खोडून १० लाखांनी कमी केलाय.